सिग्रुनची करवत

"ही करवत नव्हे. हे केस वाळवायचं यंत्र आहे."

"मग वाळव की केस. उरलेत तेवढे वाळव."

"सिग्रुन, मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठं करतेय? चौथं पान काढ. खाली काय लिहिलंय ते वाच."

एस्तेनने दुकानाचं पत्रक हातभर लांब धरलं, कुणाचा तरी वापरलेला मोजा धरावा तसं. चष्मा कपाळावरच होता. म्हणजे वाचायचं नव्हतंच.

"बॅटरी," तो म्हणाला. "बॅटरी घड्याळात असते. बॅटरी टॉर्चमध्ये असते. करवतीत पेट्रोल असतं."

"समोरच्या ओडनीच्या मोटारीतसुद्धा बॅटरीच आहे. कडाक्याच्या थंडीत ती चढ चढून वर येते, आणि तुझी पेट्रोलची मोटार खाली वळणावर खोकत बसते."

"ओडनीची मोटार लाकूड कापते का?"

"तुझी करवत तरी कुठं कापते?"

हे बोलायचं नव्हतं. बोलून गेली. एस्तेनने पत्रक टेबलावर ठेवलं, पालथं, आणि पावावर चीज कापायला घेतलं. तपकिरी चीजचा काप नेहमी कागदासारखा पातळ निघायचा त्याच्या हातून. आज जाड निघाला आणि मधेच तुटला. त्याने तो तसाच खाल्ला.

खिडकीबाहेर अंगणात बर्चचे ओंडके पडले होते. ट्रकभर. ईस्टरनंतर बर्फाचा चिखल व्हायला लागला तेव्हा लाकडाच्या ट्रकवाल्याने लोखंडी पंजाने एकेक उचलून तिथं रचून ठेवले होते, लांबच्या लांब, पांढऱ्या सालीचे. मागवले होते सिग्रुनने, नवऱ्याला न विचारता. आणि बर्चची खोड अशी की ती साल पाण्याचा थेंब बाहेर सोडत नाही. अख्खा ओंडका पडू दिला तर आतून आंबतो, मऊ पडतो, आणि पुढच्या हिवाळ्यात शेगडीत घातला की नुसता धुमसत राहतो. वसंतातच तुकडे करायचे, फोडायचे, थप्पी लावायची. मग उन्हाळ्याचा वारा पुढचं बघतो. डोंगराच्या पायथ्याच्या बर्चांना आताच उंदराच्या कानाएवढी पालवी फुटली होती. वेळ होता, पण तो चालू लागला होता.

ग्लोमा नदीच्या या खोऱ्यात माणसाची पारख थप्पीवरून होते. थप्पी ओळंब्यात, वरच्या थराची साल आभाळाकडे, तर माणूस नीट. जून उजाडला तरी ज्याच्या अंगणात थप्पी नाही, त्याच्या घरात कुणीतरी आजारी आहे किंवा घटस्फोट चाललाय, असं लोक धरून चालतात. विचारत नाहीत. नुसती मोटार हळू करतात.

सिग्रुनच्या अंगणासमोर मोटारी हळू व्हायला लागल्या होत्या.

ती या खोऱ्यातली नव्हे. तिचं माहेर पश्चिमेच्या समुद्रातल्या एका बेटावर, जिथं झाड म्हणून नव्हतं. वाऱ्याने काही उभंच राहू दिलं नाही. तिथं लोक मासळीवरून भांडायचे, लाकडावरून नाही. लग्न होऊन इकडं आली तेव्हा पहिल्या हिवाळ्यात तिने शेगडीत स्प्रूसचं ओलं लाकूड घातलं आणि घरभर धूर केला. त्या धुराची गोष्ट तिची नातवंडंसुद्धा सांगतात. इतकी वर्षं झाली, खोऱ्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या पाठी तिने चोळल्या, त्यांच्या गोळ्या वेळेवर दिल्या, सकाळी जाऊन त्यांच्या शेगड्या पेटवल्या, कारण नगरपालिकेची घरसेविका म्हणून ते तिचं कामच होतं. तरी लाकडाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणणारच, "जाऊ दे, तिला काय ठाऊक, समुद्राकडची आहे ती."

या कामामुळेच तिला एक क्रम पाठ झाला होता. आधी म्हातारा माणूस लाकूड दुसऱ्याकडून तोडून घेतो. मग बर्फ दुसऱ्याकडून उपसून घेतो. मग एक दिवस नगरपालिकेची दोन हसरी माणसं चर्चजवळच्या, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या फ्लॅटचे फोटो घेऊन येतात. जमीन आतून गरम, खिडकीत जिरेनियमची कुंडी, आणि दाराबाहेर दुसऱ्याचं दार. तिने कितीतरी जणांच्या बॅगा भरून दिल्या होत्या. आपली बॅग भरायची नव्हती तिला. तिला या घरात, या शेगडीपाशी राहायचं होतं. आणि त्यासाठी आपल्या हाताने सुरू होईल अशी एक करवत हवी होती. एवढंच. फार नव्हतं.

पण एस्तेनला हे कसं सांगणार? एस्तेनने उभी हयात रानात काढली होती. मोठी तोडयंत्रं आली त्याच्या आधी याच खोऱ्यातल्या डोंगरांवरची झाडं त्याने आणि त्याच्या टोळीने हातातल्या पेट्रोलच्या करवतींनी उतरवली होती, हिवाळाभर, उणे वीस, उणे पंचवीस अंशांत. त्या करवतींची थरथर हाडात मुरली आणि टोळीतल्या सगळ्यांनाच पांढरी बोटं झाली. थंडी पडली की बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडतात, कळ येते, मग काही कळतच नाही. खोऱ्यातल्या त्या वयाच्या पुरुषांमध्ये याबद्दल कुणी बोलत नाही. हात खिशात घालतात. हिवाळ्यात सिग्रुन त्याच्या कोटाची बटणं लावायची आणि दोघं तेव्हा हवामानाबद्दल बोलायची.

मागच्या हिवाळ्यात तर कहरच झाला होता. थप्पी अर्ध्यातच संपली आणि एस्तेन पेट्रोल पंपावरून जाळीच्या पोत्यांतली तयार लाकडं घेऊन आला. इथल्या पंपावरून नाही हं! डोंगरापलीकडच्या गावातून, मोटारीवर ताडपत्री टाकून. घरी येऊन पोती रिकामी केली, लाकडं शेडमध्ये नीट रचली, आणि पुरावा नको म्हणून जाळ्या शेगडीत घातल्या. प्लास्टिकच्या. आठवडाभर घराला टायर जळल्याचा वास होता आणि ओडनी विचारत होती, "तुमच्याकडे काय शिजतंय गं?"

तेव्हाच सिग्रुनने ठरवलं की पुढचं लाकूड मी कापणार.

पहिल्यांदा तिने एस्तेनचीच करवत घेतली. त्याने स्वतःच म्हटलं होतं, "घरात राजा असताना दुसरी कशाला?" राजा शेडमध्ये खिळ्याला टांगलेला होता. खाली उतरवतानाच सिग्रुनच्या मनगटाला त्याच्या राजेपणाचा अंदाज आला. तिने तो जमिनीवर ठेवला, मागच्या मुठीत बूट रोवला, ब्रेक लावला, चोक ओढला आणि दोरी खेचली. दोरीने उलटा हिसका देऊन तिलाच खेचलं.

एस्तेन दारात उभा होता, हात खिशात.

"खांद्यानं नको ओढू. कमरेनं ओढ."

ती कमरेनं ओढू लागली. करवत एकदा ढेकर दिल्यासारखी बोलली आणि गप्प झाली.

"आता चोक आत. आत! तू तिला बुडवलीस. पेट्रोलात बुडवलीस."

"आत्ताच तर ओढायला सांगितलंस!"

"पहिली फट वाजली की आत करायचा. फट वाजली ना?"

"मला वाटलं माझं कोपर वाजलं."

तिने टाकीचं झाकण उघडून वास घेतला. पेट्रोलचा नव्हता. जुन्या रंगाच्या डब्याचा वास होता.

"एस्तेन, हे कधीचं आहे?"

"चांगलं आहे."

"चांगलं असेल. कधीचं आहे?"

"मागच्या वेळचं."

"मागची वेळ म्हणजे कुठली? शाळेच्या वाद्यमेळ्यात आपली धाकटी लेक ट्रंपेट वाजवायची तेव्हाची?"

एस्तेन रानात होता तेव्हा रोज संध्याकाळी टाकी रिकामी व्हायची, रोज सकाळी नवी भरली जायची. पेट्रोल पडून राहिलं की शिळं होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं असं नाही. तशी वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती. करवत ही न वापरता ठेवायची वस्तू आहे, हेच त्याच्या डोक्यात बसत नव्हतं.

"तुझं मशीन रोज राबणाऱ्याचं आहे," सिग्रुन घाम पुसत म्हणाली. "मला वर्षातून थोडे दिवस कापायचंय, तेही अंगणात, ओंडका लाकडी घोडीवर ठेवून. मग ते कपाटात पडणार. पुढच्या वसंतात बाहेर काढलं की न रुसता सुरू व्हायला हवं. रुसणारं एक आहे घरात. दुसरं नकोय."

दुसऱ्या खेपेला ओडनीची विजेची करवत आणली. ओडनी रस्त्यापलीकडे राहते, नवरा गेल्यापासून सगळं एकटीने बघते, आणि बघताना बोलते. "घे गं, घे. बटण दाब, कापते. मला तर आवडते. फक्त वायरकडे लक्ष ठेव."

वायर ओंडक्यांपर्यंत पोचेना. सिग्रुनने तिला आणखी एक जोडली, मग आणखी एक, ख्रिसमसच्या दिव्यांची. करवत सुरू झाली. खरंच झाली! बर्चचा पहिला तुकडा घोडीवरून खाली पडला तेव्हा सिग्रुनला इतका आनंद झाला की तिने वळून खिडकीकडे पाहिलं. खिडकीत एस्तेन होता. तो मान हलवत होता, नकाराची. ती त्याला चिडवायला म्हणून दुसरा ओंडका जरा ऐटीत कापू लागली, आणि वायर कुठं आहे ते बघायचं राहिलं. ठिणगी उडाली. घरातला फ्यूज गेला. एस्तेनच्या दुपारच्या बातम्या अर्ध्यात बंद पडल्या.

तो बाहेर आला, वायरची दोन टोकं उचलून बघितली, आणि इतक्या हळुवारपणे म्हणाला की सिग्रुनला ती टोकं त्याच्या नाकात घालावीशी वाटली: "पेट्रोलच्या करवतीला शेपटी नसते."

ओडनीला नवी वायर दिली, वर वेलची घातलेला केक दिला. केक खाता खाता ओडनी म्हणाली, "तू बॅटरीचीच घे, बाई. वायर नको, पेट्रोल नको, नवरा नको."

मग दुकानाचं ते पत्रक आलं, वाद झाला, आणि नवरा-बायको दोघं दुकानात गेली. शेतीच्या सामानाचं दुकान, पेडरचं. पेडर एकेकाळी एस्तेनच्याच टोळीत होता. दोघांनी रानात एकाच शेकोटीवर कॉफी उकळली होती. आता त्याचं पोट काउंटरला टेकायचं आणि भिंतीवर करवती ओळीने टांगलेल्या असायच्या.

"मला एक करवत हवी आहे," सिग्रुन म्हणाली.

"बोल, एस्तेन," पेडर म्हणाला, "काय बघतोयस?"

"मी बघतेय," सिग्रुन म्हणाली.

"हो हो. कितीचं पातं म्हणतोस, एस्तेन?"

"पेडर, मी इकडे आहे. तुझ्यासमोर. लाल टोपी."

पेडर हसला, तिला कॉफी दिली, आणि पुन्हा एस्तेनकडे वळला. दोघं भिंतीपाशी गेले. एक करवत उतरली, एस्तेनने नाक मुरडलं. "यात जोर नाही." दुसरी उतरली. "याचं अंग प्लास्टिकचं." तिसरी बॅटरीची होती, छोट्या पात्याची. सिग्रुनने ती मधेच हात घालून घेतली. हलकी होती. मूठ तिच्या मुठीत बसली. लग्नानंतर पहिल्यांदा या खोऱ्यात एखादी वस्तू आपल्या मापाची सापडल्यासारखं तिला वाटलं.

"ती ठेव," एस्तेन म्हणाला. "ती गुलाब छाटायची आहे."

"आपल्याकडे गुलाब नाहीत."

"म्हणून तर ठेव म्हणतोय."

पेडर खो खो हसला. एस्तेनही हसला. ते हसू इतकं जुनं होतं, शेकोटीपाशी बसलेल्या पुरुषांचं, की त्यात बसायला तिला जागाच नव्हती. रिकाम्या हाताने दोघं परत आली. वाटेत एस्तेन म्हणाला, "मी बघतो. घाई नको. योग्य ती मिळाली की घेऊ."

"ओंडके आंबतायत, एस्तेन."

"मी बघतो म्हटलं ना."

सतरा मे, देशाचा राष्ट्रीय दिन, आला. झेंडे निघाले, मुलांचा वाद्यमेळा निघाला, सिग्रुनने सणाचा लोकरी पेहराव घातला, चांदीची बक्कल लावली, आणि चर्चच्या पायऱ्यांवर चार जणांनी तिला वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं: एस्तेनची तब्येत बरी आहे ना? घरी येऊन तिने बक्कल काढली आणि दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर पेडरकडे गेली. एकटी.

ती बॅटरीची करवत भिंतीवर नव्हती.

"अरेरे," पेडर म्हणाला. "गेली बघ. मागवलीय. आठवडाभरात येईल."

आठवड्याने सिग्रुन पुन्हा गेली. "ट्रक उशिरा आहे." त्यानंतर गेली. "चुकीचं मॉडेल पाठवलं त्यांनी, परत केलं." प्रत्येक वेळी कॉफी मात्र द्यायचा, साखर जास्त घालून. घरी एस्तेन विचारायचा, "आली का?" ती म्हणायची, "नाही." तो म्हणायचा, "बघ, असल्या वस्तूंचं असंच असतं. सुटे भागसुद्धा मिळायचे नाहीत." ओंडक्यांची टोकं तपकिरी पडायला लागली होती. संध्याकाळी ती एकेका ओंडक्याला नाक लावायची. गोडसर, व्हिनेगरसारखा वास यायला सुरुवात झाली होती.

आणि एका शनिवारी ओडनी कुंपणावरून वाकून म्हणाली, "काल मी पेडरकडून कुंपण छाटायचं यंत्र आणलं. तुझी ती करवत आहे की गं तिथं. मागच्या खोलीत, शेल्फवर. दोन आहेत. धूळ बसलीय. तू घेतली का नाहीस?"

सिग्रुन मोटारीत बसली तेव्हा पायात घरातल्याच चपला होत्या.

"पेडर."

"अरे, सिग्रुन! कॉफी..."

"मागच्या खोलीत शेल्फवर काय आहे?"

पेडरने काउंटर पुसायला घेतला. काउंटर स्वच्छ होता.

"ते... ते दुसऱ्या कुणाचं राखून ठेवलंय."

"कुणाचं?"

"गिऱ्हाइकाचं."

"दोन्ही? एकाच गिऱ्हाइकाला दोन हात, दोन करवती? नाव सांग. या खोऱ्यातल्या प्रत्येकाला मी आंघोळ घातलीय किंवा घालणार आहे. तुझाही नंबर येईल, पेडर. नाव सांग."

पेडरने फडका खाली ठेवला. तिच्या चपलांकडे बघितलं.

"एस्तेनने फोन केला होता," तो म्हणाला. "त्याच दिवशी, तुम्ही दोघं गेल्यावर. म्हणाला, ती एकटी येईल. आली तर विकू नकोस. म्हणाला, मी बघतो."

"आणि तू ऐकलंस."

"अगं, तो माझा... आम्ही एका टोळीतले. एवढं एक मागितलं त्याने. आयुष्यात काही मागितलं नाही बघ त्याने कधी."

"मीपण एकच मागितलं होतं. तू मला महिनाभर कॉफी पाजलीस."

पेडरच्या मानेवर लाली चढली. तो आत गेला आणि खोकं घेऊन आला, बाहीने धूळ पुसत. "मी तिच्यासाठी दुसरी बॅटरी फुकट देतो..."

"मला फुकट काही नको. उघड. आणि आता मी विचारणार, तू सांगणार. तेल गळतं का?"

"थोडं. ठेवताना खाली पुठ्ठा टाकायचा."

"सगळ्याच गळतात की हीच?"

"सगळ्याच. जी गळत नाही तिचं तेल संपलेलं असतं."

"साखळी ढिली पडली तर? हत्यार लागतं?"

"नाही, ही चकती फिरव. हातमोजे घालून फिरव बघू." तिने फिरवली. फिरली. पेडरचा आवाज हळूहळू दुकानदाराचा झाला, आणि मग त्याच्याही मागचा, रानातला. "आता डावं मनगट पुढच्या ढालीवर आपट. जोरात. पातं उसळून तुझ्याकडे आलं तर मनगट असंच आपटणार. साखळी थांबायला हवी. थांबली? बरं. टोकानं कधी कापायचं नाही. ऐकतेयस ना, टोकानं नाही. वर्षभर ठेवायची तर बॅटरी काढून घरात ठेव, शेडमध्ये गोठवू नकोस. दोन बॅटऱ्या घे. एक संपते तेव्हा माणूसही संपलेला असतो, पण दुसरी चार्ज होत असली की निवांत कॉफीला बसता येतं. साखळी इथंच मिळेल, बिघडली तर मीच खोलीन."

"पाय वाचवायची विजार?"

"आहे. बायकांच्या मापाची..." तो घुटमळला. "मागवावी लागते."

सिग्रुनने नुसतं बघितलं.

"खरंच मागवावी लागते, सिग्रुन! देवाशपथ! पोरांच्या मापाची एक आहे, ती होईल तुला."

ती घरी आली तेव्हा एस्तेन ओट्याशी बटाटे घेऊन बसला होता. तिने खोकं टेबलावर ठेवलं आणि उघडलं. करवत, दोन बॅटऱ्या, विजार, जाळीचं हेल्मेट. ती एकेक वस्तू मांडत गेली, घाईने नाही. बॅटऱ्या तिने दुकानातच भरून घेतल्या होत्या. पेडरला तेवढं तरी करणं भाग होतं.

एस्तेनने सगळं बघितलं.

"विकली म्हणजे त्याने."

"विकली. तुझा फोन आल्याचंही सांगितलं."

नळ ठिबकत होता. एस्तेनने तो बंद केला.

"तुला लागलं असतं," तो म्हणाला.

"हे नको. हे पेडरला सांग, त्याला पटतं. मी रोज बर्फातून मोटार हाकते, शंभर किलोच्या म्हाताऱ्यांना उचलते, तेव्हा नाही तुला वाटत मला लागेल म्हणून."

"करवत वेगळी."

"मग शिकव! ईस्टरपासून म्हणतेय, शिकव मला. दरवेळी तू कुठल्या तरी दुसऱ्याच करवतीबद्दल बोलतोस. ही हलकी, ती प्लास्टिकची, तिला जोर नाही. लाकूड आंबेपर्यंत थांबवणार होतास मला? आणि मग? पुन्हा डोंगरापलीकडून पोती? पुन्हा ताडपत्री?"

"हळू बोल."

"कुणासाठी? ओडनी सोडून कुणी नाही, आणि तिला सगळं ठाऊक आहे!"

एस्तेनने दोन्ही हात टेबलावर ठेवले, करवतीच्या बाजूला. हे तो कधी करत नसे. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर चांगली उबदार हवा होती, आणि तरीही त्याच्या तीन बोटांची टोकं मेणासारखी होती.

"मघाशी सुरी पडली," तो म्हणाला. "बटाटा सोलत होतो. पडली हे मला आवाजावरून कळलं. हाताला कळलंच नाही."

सिग्रुन विजार चढवून तिचे पट्टे लावत होती. तिचे हात थांबले. उन्हाळ्यातसुद्धा? हे तिला ठाऊक नव्हतं. ती दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची बोटं रोज तपासत होती.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"काय दाखवू? पेडरलाही आहे. सगळ्यांनाच आहे."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"हेच केलं असतं. पण एप्रिलमध्ये केलं असतं."

तो हसल्यासारखा झाला, पण हसला नाही. तिने पट्टे ओढले. विजार कमरेत घट्ट होती, पायात आखूड. बॅटरी खटकन आत बसली. बाहेर रस्त्यावर एक मोटार आली, अंगणासमोर हळू झाली, आणि पुढे गेली. दोघांनीही ती बघितली.

"मी काय करू?" एस्तेन म्हणाला.

तिला वाटलं तो लाकडाबद्दल विचारतोय. "तू रच. मी कापते, तू थप्पी..."

"ते नाही." तो उभा राहिला. आवाज चढला नव्हता, पण आता त्यात ती जुनी, शेकोटीवाली मजा नव्हती. "लोक रस्त्यानं जाणार. तुला बघणार. एस्तेनची बायको, समुद्राकडची, बर्च कापतेय. आणि मला खिडकीत बघणार. इतकी वर्षं या हातांनी मी एकच गोष्ट केली, सिग्रुन. तू आता ती घेऊन बाहेर चाललीस. घे. घ्यायलाच हवी, मला दिसतंय. पण मला एवढं सांग, मी काय करू? कॉफी उकळू तुझ्यासाठी? थर्मास घेऊन दारात उभा राहू?"

हो, राहा, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. कितीतरी हिवाळे पहाटे उठून तिने त्याचा थर्मास भरला होता आणि तो रानात गेला की अंगणातल्या त्याच्या पावलांकडे बघत उभी राहिली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, तू काय करशील म्हणून. ते सगळं तिच्याजवळ तयार होतं, शब्दन् शब्द. म्हाताऱ्यांच्या घरी वापरायचा तो दुसरा, मऊ आवाजही तयार होता: असं नाही हं, तुम्ही अजून खूप काही करू शकता. दोन्हींतलं काहीही बोलली असती तरी तो आज रात्री जेवला नसता.

एस्तेन उभाच होता. त्याला खरंच उत्तर हवं होतं; हे त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट होतं की तिला बघवेना.

सिग्रुनने हेल्मेटची जाळी खाली ओढली, करवत उचलली आणि बाहेर गेली.